पहिला अर्धा तास

रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना वासाची सवय झालेली असते. लोटे, महाड, तळोजा, रसायनी, तारापूर, डोंबिवली, यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या कुंपणालगतच्या वस्तीत जा, "रात्री गॅस सोडतात" हे वाक्य कानावर येतेच. ते बोलताना आवाजात घबराट नसते. खिडक्या लावून घेतल्या जातात, कोणी दोन शिव्या हासडतो, सकाळी मुले शाळेत जातात. रोजच्या वासाची सवय झालेल्या या माणसांना एखाद्या रात्री वास नेहमीचा नाही हे कळावे कसे आणि कळल्यावर त्यांनी करावे काय, यासाठी ही पुस्तिका आहे.

ती रसायनशास्त्र शिकलेल्यांसाठी लिहिलेली नाही. सरपंच, पोलीस पाटील, आशा सेविका, अंगणवाडी ताई, शाळेचे मुख्याध्यापक, गृहसंकुलाचे सचिव, रिक्षा स्टँडवरची मुले यांच्यासाठी ती आहे. दुर्घटना घडली की आधी हीच माणसे तिथे असतात आणि पुढचा बराच वेळ हीच असतात. औद्योगिक वसाहतीतला अग्निशामक बंब आधी कारखान्याच्या फाटकातून आत जातो, वाडीकडे वळत नाही, आणि त्याचे ते कामच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातला नियंत्रण कक्ष माहिती गोळा करत असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन अकरा कामगार गेले, तेव्हा या दलाच्या जवानांनी अत्यंत कठीण परिस्थितीत काम केले. पण ते काम होते बेपत्ता कामगारांचे मृतदेह शोधण्याचे. वायू पसरायला लागल्यापासूनचा पहिला अर्धा तास वस्तीचा स्वतःचा असतो. त्या अर्ध्या तासात तिच्या उपयोगी पडते ते तिला आधीपासून माहीत असलेले तेवढेच, असे माझे ठाम मत आहे आणि या पुस्तिकेची रचनाही त्याच मतावर उभी आहे.

भोपाळचे नाव घेतल्यावाचून या विषयावर लिहिता येत नाही. त्या रात्रीचा तांत्रिक भाग जगभर अभ्यासला गेला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले मिथिल आयसोसायनेट तापत गेले आणि सुमारे ४० टन वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती, निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा वापरात नव्हता, वायू धुऊन काढणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरी पडली. हे सगळे कुंपणाच्या आतले झाले. कुंपणाबाहेर काय झाले, हे आपण त्या मानाने कमी वाचले आहे.

कोणीतरी मिरच्या जाळल्या असाव्यात असे वाटून लोक खोकत उठले. डोळे उघडेनात. दारे उघडून ते बाहेर पडले आणि धावत सुटले, आणि त्यांतले कितीतरी जण वारा वायूला जिकडे नेत होता तिकडेच धावले. धावणारा माणूस खोल आणि भराभर श्वास घेतो, त्यामुळे चालणाऱ्यापेक्षा किंवा बसून राहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त विष त्याच्या छातीत जाते. लहान मुलांची उंची कमी आणि हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तीच आधी त्याच्या थरात सापडली. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला होता. तो पुन्हा मोठ्याने वाजला तेव्हा वायू घराघरांत पोचून गेला होता. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, पण वायू कोणता आणि त्यावर इलाज काय, हे तिथल्या डॉक्टरांना खात्रीने सांगणारे कोणी नव्हते. उपचार कोणता द्यावा यावर पुढे कित्येक महिने वाद चालला.

मिथिल आयसोसायनेटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते. नाकातोंडावर ओला कपडा घट्ट धरावा, वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडावे, नाहीतर दारे-खिडक्या गच्च लावून फटींत ओली फडकी कोंबावीत, एवढे तीन-चार शब्दांचे ज्ञान त्या वस्त्यांत आधी पोचलेले असते तर त्या रात्रीच्या हजारो मृतांपैकी पुष्कळ जण वाचले असते. ते पोचवायला एक पैसाही लागला नसता. धोका कोणाला ठाऊकच नव्हता असेही नाही. राजकुमार केसवानी हे भोपाळचेच पत्रकार १९८२ पासून आपल्या लेखांतून त्या कारखान्याबद्दल इशारे देत होते. त्यांचे लेख छापले गेले, वाचलेही गेले असतील, पण त्यांचे रूपांतर वस्तीच्या तयारीत करणारी व्यवस्थाच देशात नव्हती.

ती पुढे झाली, निदान कागदावर झाली. तिच्याविषयी नंतर सविस्तर लिहिले आहे. त्याआधी आणखी एक रात्र पाहू. ७ मे २०२०, विशाखापट्टणमजवळचे आर. आर. वेंकटापुरम. टाळेबंदीमुळे कारखाना काही आठवडे बंद होता आणि टाकीत स्टायरीन साठून होते. ते आतल्या आत तापत गेले आणि पहाटे तीनच्या सुमारास त्याची वाफ गावावर उतरली. किमान बारा माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. रस्त्यात धावता धावता माणसे आणि गुरे कोसळली. पळताना विहिरीत पडूनही मृत्यू झाला. राज्य सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने नोंदवले की कारखान्यात भोंग्याची कळ दाबण्याच्या अनेक जागा असूनही भोंगा वाजवला गेला नाही. भोपाळनंतर कायदे झाले, नियम झाले, समित्या झाल्या, आणि तरीही कुंपणापलीकडचे गाव झोपेतच वायूच्या तावडीत सापडले.

या घटना रात्रीच्या का असतात? भोपाळ मध्यरात्रीचे, वेंकटापुरम पहाटेचे. बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत जून २०२१ मध्ये गळती झाली आणि लोकांना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तीही रात्री दहानंतर. अपघात दिवसाही होतात, पण रात्री तोच अपघात जास्त माणसांना गाठतो. दिवसा जमीन तापलेली असते, हवा वर उठते, वायू उंच जाऊन विरळ होतो. रात्री जमीन थंड पडते, तिच्यालगतची गार हवा तळाशीच बसून राहते, वारा मंदावतो आणि वायू न विरता जमिनीलगत लांबवर सरकत जातो. रात्रपाळीला माणसे कमी असतात, अनुभवी माणसे त्याहून कमी, आणि वस्ती झोपलेली असते.

कोकणात याला वाऱ्याची जोड आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, पण त्याचा उपयोग कारखान्याशेजारी राहताना करायचा असतो हे कोणी सांगितले नाही. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. म्हणजे किनारपट्टीत एकाच कारखान्याच्या दुपारच्या गळतीची झळ पूर्वेकडच्या वाडीला आणि मध्यरात्रीच्या गळतीची झळ पश्चिमेकडच्या वाडीला बसण्याचा संभव जास्त. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो तेव्हा हे चित्र बदलते. डोंगर आणि नदीचे खोरे ते आणखी बदलतात, कारण जड वायू पाण्यासारखा उताराने खाली येऊन खोलगट जागी साचतो. म्हणून सगळ्या गावांना लागू पडेल असा एकच नकाशा या पुस्तिकेत दिलेला नाही. आपल्या गावात कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रहरी वारा कुठून कुठे जातो, हे गावातल्या जुन्या शेतकऱ्याला आणि मासेमाऱ्याला विचारून गावानेच लिहून काढायचे आहे. शाळेच्या गच्चीवर आणि देवळाच्या कळसाजवळ कापडाची एक लांब पट्टी बांधून ठेवली तरी वाऱ्याची दिशा कळते. रात्रीही दिसेल अशा जागी, दिव्याच्या उजेडात ती हवी.

सगळे वायू एकसारखे वागत नाहीत. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड असतो, तळमजल्यावर आणि गटारात साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जाणे हिताचे. अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका, पण दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला अमोनिया फुटून बाहेर आला की इतका थंड असतो की त्याचा पांढरा ढग सुरुवातीला जमिनीलगतच रांगतो. हायड्रोजन सल्फाइडचा तर विशेष धाक बाळगावा. थोडा असेल तेव्हा कुजक्या अंड्याचा उग्र वास येतो, प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला अशी समजूत करून घेणारा माणूस तिथेच कोसळतो, आणि त्याला ओढून काढायला गेलेला दुसराही. गटारात आणि सांडपाण्याच्या टाकीत उतरलेल्या कामगारांच्या एकापाठोपाठ एक झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या अनेकांमागे हाच वायू असतो. उलट एथिल मरकॅप्टनसारखे रसायन, जे स्वयंपाकाच्या गॅसला वास यावा म्हणून मिसळतात, अगदी नगण्य प्रमाणातही जाणवते. डिसेंबर २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जयगडजवळ नांदिवड्याच्या शाळेतल्या मुलांना याच रसायनाच्या वाफेने मळमळ, डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास झाला आणि साठहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या दुपारी पालकांची काय अवस्था झाली असेल हे सांगायला नको. पण शेजारी काय साठवले जाते याचा एक कागद शाळेच्या कार्यालयात असला, तर शिक्षक पहिल्या पाच मिनिटांतच डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगू शकतात.

आता या पुस्तिकेतला सर्वांत वादाचा सल्ला. विषारी वायू पसरत असेल आणि वस्ती सोडायला वेळ नसेल, तर घरातच थांबा. हे मनाला पटत नाही. संकट आले की पळावे असे शरीरच सांगते, आणि भोपाळचे नाव ऐकून मोठे झालेल्या माणसाला बंद खोलीत बसून राहणे म्हणजे मरणाची वाट पाहणे वाटते. पण नीट बंद केलेल्या खोलीत बाहेरचा वायू हळूहळू शिरतो आणि आत त्याचे प्रमाण बराच वेळ बाहेरच्यापेक्षा खूप कमी राहते. बहुतेक गळत्या अर्ध्या-पाऊण तासात आटोक्यात येतात किंवा ढग पुढे सरकतो. तेवढा वेळ काढायचा असतो. पंखा, कूलर, एसी, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. खिडकीच्या कडांना चिकटपट्टी. शक्यतो कमी खिडक्यांची आतली खोली. आणि सर्व ठीक असल्याची सूचना मिळाली की लगेच दारे-खिडक्या सताड उघडून बाहेर यायचे, कारण आता आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. हा शेवटचा भाग बहुतेक माहितीपत्रकांत गाळलेला असतो.

या सल्ल्याला दोन अपवाद आहेत आणि ते तितक्याच ठळकपणे सांगायला हवेत. वायू ज्वलनशील असेल, म्हणजे एलपीजी किंवा तत्सम काही, तर एकही बटण न दाबता, गाडी सुरू न करता, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जायचे. दुसरा अपवाद आपल्याकडच्या घरांचा आहे. परदेशी पुस्तकांतला 'घरातच थांबा' हा सल्ला काचेच्या घट्ट खिडक्यांच्या घरांसाठी लिहिलेला असतो. कौलारू घरात, जिथे वाशांमधून आकाश दिसते, तो चालत नाही. अशा वाडीने आपल्यातली स्लॅबची एक इमारत आधीच ठरवून ठेवली पाहिजे: शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर, एखाद्याचे पक्के घर. तिथे किती माणसे मावतील, चावी कोणाकडे, रात्री दोन वाजता ती मिळेल का, एवढे ठरवावे. शहरात प्रश्न निराळा आहे. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीत झालेल्या स्फोटाने लांबलांबच्या इमारतींच्या काचा फोडल्या. काचा गेलेल्या घरात दारे-खिडक्या लावण्याला अर्थ उरत नाही, म्हणून तिथे आतली न्हाणीघरासारखी खोली आणि जाड प्लास्टिकचा कागद उपयोगी पडतो. डोंबिवलीत २०१६ मध्येही मे महिन्यातच स्फोट होऊन माणसे गेली होती. कारखाने आधी आले की घरे, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालू आहे आणि तो सुटेपर्यंत घरांत माणसे राहतच आहेत.

कायद्याकडे येतो. भोपाळला वर्ष होते न होते तोच ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत ओलियमची गळती झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात धोकादायक उद्योगावर संपूर्ण दायित्वाचे तत्त्व लादले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे नवे प्रकरण जोडले गेले आणि १९८९ मध्ये धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीचे नियम आले. या नियमांतला तेरावा सांगतो की कारखान्याने कुंपणाच्या आतली आपत्कालीन योजना करावी आणि दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घ्यावी. चौदावा सांगतो की कुंपणाबाहेरची योजना शासकीय प्राधिकरणाने करावी आणि तिची वर्षातून निदान एक तालीम व्हावी. पंधरावा नियम प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याजोगा आहे: मोठा अपघात झाल्यास ज्यांना झळ पोचू शकते अशा कुंपणाबाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप काय आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये, हे कारखान्याने कळवले पाहिजे. ही माहिती मागणे म्हणजे कारखान्याशी भांडण नव्हे. ती देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते तीस वर्षांहून जुने आहे.

१९९६ चे रासायनिक अपघातविषयक नियम याच्याही पुढे गेले. त्यांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले. स्थानिक गटाचे अध्यक्ष प्रांताधिकारी, सदस्य-सचिव कारखाना निरीक्षक. सदस्यांत अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रमुख, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, रसायनांची वाहतूक करणारे. आणि त्यांच्यासोबत लोकांमधले नेते किंवा सरपंच, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, गावातले दोन नामवंत डॉक्टर, समाजसेवक आणि स्थानिक वृत्तपत्राचे संपादक. या गटाने दरमहा बैठक घ्यावी आणि झळ पोचू शकेल अशा लोकसंख्येला शिक्षित करावे असे नियम म्हणतात. ज्याने हे नियम लिहिले त्याला वस्ती म्हणजे काय हे नक्की कळत होते. केसवानींसारख्या पत्रकाराला चौकटीबाहेर उभे राहून ओरडावे लागू नये, त्याला टेबलाशी खुर्ची असावी, ही दृष्टी त्या यादीत मला दिसते. मी ज्या सरपंचांशी या विषयावर बोललो त्यांतल्या बहुतेकांना आपल्यासाठी अशी खुर्ची आहे हेच माहीत नव्हते. ही स्थिती बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव आणि प्रांत कार्यालयाला एक पत्र पुरते. पत्राचा नमुना पुस्तिकेत दिला आहे.

कायद्याची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हे नियम ठरावीक साठ्याच्या वरच पूर्णपणे लागू होतात; क्लोरिनसाठी तो १० टन, अमोनियासाठी ६० टन. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने देशात अशा मोठ्या धोक्याच्या १,८६१ कारखान्यांची नोंद दिली आहे. तुमच्या गावातला बर्फाचा कारखाना, दूधसंघाचे शीतगृह, मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळचा मासळीप्रक्रिया उद्योग, नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातले क्लोरिनचे टनर या यादीत बहुधा नसतात. एका टनरमध्ये ९०० किलो क्लोरिन असतो आणि तो भर वस्तीत असतो. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीजवळ बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या क्लोरिनच्या नळकांड्यांपैकी एक गळले आणि रहिवासी, विद्यार्थी व मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही बाधित झाले. तेव्हा 'आमच्याकडे केमिकल झोन नाही' म्हणून ही पुस्तिका बाजूला ठेवू नका.

महामार्ग हा तर फिरता साठा आहे. १९ जानेवारी २०१८ च्या पहाटे गोव्यात वास्कोजवळ चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या लोकांना झोपेतून उठवून हलवावे लागले. मुंबई-गोवा महामार्गावर सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारी पुलावरून एलपीजीचा टँकर कोसळून वाहतूक बंद ठेवावी लागली. अशा वेळी टँकरच्या मागे आणि बाजूला असलेली पाटी दुरूनच वाचता आली पाहिजे. तिच्यावर चार अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो: १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरिन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १७८९ हायड्रोक्लोरिक आम्ल, १८३० सल्फ्युरिक आम्ल. पाटीवर या क्रमांकाच्या वर लिहिलेल्या संकेताच्या शेवटी 'ई' हे इंग्रजी अक्षर असेल तर आसपासची वस्ती रिकामी करण्याचा विचार करावा लागतो. महामार्गालगतच्या हॉटेलवाल्यांनी, पंपावरच्या मुलांनी, रिक्षावाल्यांनी हे सहा आकडे पाठ केले आणि ११२ वर फोन करताना 'टँकर उलटलाय' एवढेच न सांगता 'पाटीवर १०१७ आहे' असे सांगितले, तर येणारी माणसे योग्य तयारीने येतात. क्लोरिन गळत असलेल्या जागी पाणी मारले की आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. अमोनियाच्या ढगावर मात्र पाण्याचा फवारा उपयोगी पडतो, कारण तो पाण्यात चटकन विरघळतो. दोन पांढऱ्या टँकरांमधला हा फरक त्या चार अंकांतच असतो. आणि सांडलेले इंधन कॅनमध्ये भरायला धावणाऱ्या गर्दीला आवरायचे कोणी, हेही आधी ठरवा. अशा गर्दीत पेट घेऊन माणसे मेली आहेत.

डॉक्टरांसाठीचे प्रकरण सर्वांत लहान आहे, पण माझ्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्याची गरज पडते ते बहुतेक साधे असते: प्राणवायू, नेब्युलायझर आणि भरपूर वाहते पाणी. आलेल्या रुग्णाचे कपडे दाराबाहेर उतरवून त्याला धुतले तर अंगावरचे बहुतांश रसायन तिथेच जाते आणि परिचारिका, वॉर्डबॉय, इतर रुग्ण वाचतात. डोळे निदान पंधरा मिनिटे धुवायचे. पोटात गेले असेल तर ओकारी काढायची नाही. याउपर काही रसायनांना खास उतारा असतो आणि तो वेळेत हाती असावा लागतो: हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या भाजण्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट, सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तिथे ना कारखाना होता ना भोंगा. एक फवारणी पंप आणि उंच वाढलेली कपाशी होती. म्हणून विदर्भातल्या आरोग्य केंद्रांसाठीची यादी कोकणापेक्षा वेगळी ठेवली आहे. शेजारचा कारखाना जे वापरतो त्याचे सुरक्षा माहितीपत्रक मराठीत, एका पानात, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावे. ते कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून मागून घ्या. चांगले सुरक्षा अधिकारी अशा मागणीची वाटच पाहत असतात, हे मी अनुभवाने सांगतो. तळोजा, पाताळगंगा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांनीच उभ्या केलेल्या परस्पर मदत गटांमध्ये अशी माणसे आहेत आणि त्यांनी पुष्कळ काम केले आहे. त्यांच्या यादीत गावाचा फोन नंबर असला पाहिजे, एवढेच.

राहता राहिली रंगीत तालीम. बहुतेक तालमी सकाळी अकराच्या सुमारास होतात. आधी पत्रे जातात, फलक लागतो, बंब सजून येतो, छायाचित्रे निघतात आणि दुपारच्या जेवणाआधी सगळे आटोपते. कारखान्याच्या आतल्या यंत्रणेसाठी त्याचा उपयोग आहेच. पण वस्तीची तालीम वस्तीच्या वेळेला झाली पाहिजे. वर्षातून एकदा रात्री दहानंतर घ्या, आणि एकदा पावसात. आधी सगळ्यांना सांगून घ्या, कारण अचानक भोंगा वाजवला तर म्हातारी माणसे जिन्यावरून पडतील. भोंगा सर्वांत लांबच्या घरात ऐकू येतो का, ते एका मुलाला तिथे बसवून पाहा. ऐकू न येणाऱ्याला कोण उठवणार, अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, नुकत्याच आलेल्या परप्रांतीय भाडेकरू कामगारांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार, यांची नावे लिहा. स्लॅबच्या इमारतीची चावी खरोखर मिळाली का आणि किती मिनिटांत मिळाली, याची नोंद ठेवा. मोबाइलचे टॉवर बंद पडले असे धरून एक फेरी घ्या. पुस्तिकेची शेवटची आठ पाने यासाठीच कोरी सोडली आहेत. पहिल्या तालमीनंतर ती पेन्सिलीने भरा, कारण दुसऱ्या तालमीत त्यातले निम्मे खोडावे लागेल.